नेपल्सला बोट दहा तास लागणार आहे, आई-बाबांना घेऊन काय बघू?

निळाई | १४ ऑगस्ट, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सात रात्रींच्या क्रूझवर जातोय. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. बाकीचे थांबे ठरले, घोडं अडलंय ते नेपल्सवर. बोट गुरुवारी सकाळी सातला लागते आणि संध्याकाळी पाचला सुटते. साडेचारच्या आत सगळ्यांनी परत चढायचं. म्हणजे कागदावर दहा तास, पण उतरायची रांग आणि परतीची धाकधूक वजा केली तर हातात सात-साडेसात तासच उरतात.

आईच्या उजव्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. सपाटीवर ती तास-दीड तास चालते, मधे टेकायला मिळालं तर आणखीही. चढापेक्षा उतार तिला जड जातो. बाबा ७४ वर्षांचे आहेत, लातूरला हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवला. चालायला अजून दणकट. इटलीला जायचं म्हटल्यापासून ते जुन्या वह्या काढून बसलेत. मुलाला ज्वालामुखी बघायचाय. नवऱ्याला काप्री बेट. मला सगळ्यांना बघून समाधान वाटेल असं काहीही चालेल, पण एकच.

बोटीवाल्यांच्या सहली आहेत: पॉम्पेई (ज्वालामुखीने गाडलेलं जुनं रोमन शहर) अर्धा दिवस, अमाल्फी किनारा पूर्ण दिवस, काप्री पूर्ण दिवस. पाच जणांचे पैसे जोडले की आकडा बघवत नाही. स्वतःहून गेलो तर झेपेल का? आई-बाबांचा हा बहुधा एकमेव युरोप प्रवास आहे, म्हणून निवड चुकू नये असं फार वाटतंय.

पाऊलवाट | १४ ऑगस्ट, रात्री १०.५५

काप्रीला जा. डोळे झाकून सांगतो. बोट जिथे लागते त्याच्या शेजारीच बेव्हेरेल्लो धक्का आहे, तिथून वेगवान बोटी सुटतात आणि पाऊण-एक तासात बेटावर. वर गावात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी गाडी आहे, तेव्हा आईंना चढावं लागणार नाही. वरून दिसणारा समुद्र मी आयुष्यात विसरणार नाही.

निळ्या गुहेचा मात्र नाद सोडा. समुद्र जरा जरी उसळला तरी ती बंद ठेवतात, आणि आत जाताना छोट्या होडीत जवळजवळ आडवं व्हावं लागतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते नकोच.

सातपुडा | १४ ऑगस्ट, रात्री ११.३८

काप्रीबद्दल एकच शंका. ऑक्टोबरात वारा सुटला तर त्या वेगवान बोटी रद्द होतात. सकाळी जाताना रद्द झाल्या तर ठीक, नेपल्स तरी बघाल. दुपारी परतताना झाल्या तर काय? मोठी बोट तुमच्यासाठी थांबत नाही.

हे मी अनुभवावरून लिहितोय. आम्ही २०१९ साली अमाल्फी किनारा निवडला होता. बोटीची सहल न घेता बाहेरच्या एका खासगी गाडीवाल्याकडून. आठ जणांची व्हॅन, दर निम्म्याने कमी. जाताना रस्ता स्वर्ग वाटला. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, लिंबाच्या बागांवर काळ्या जाळ्या घातलेल्या. पोझितानोला पोचलो तेव्हाच अकरा वाजून गेले होते. तिथे गाडी लावायला जागा नाही म्हणून ड्रायव्हरने आम्हाला वर रस्त्यावर सोडलं आणि खाली पायऱ्या उतरून बीचवर जायला सांगितलं. बायको आणि सासूबाई निम्म्यातच बसल्या. अमाल्फी गावात चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा स्वच्छतागृहाच्या रांगेत.

परतताना एका वळणावर समोरासमोर दोन मोठ्या बस अडकल्या. एक मागे घेतल्याशिवाय दुसरी पुढे जाणार नाही असा रस्ता. पन्नास मिनिटं आम्ही हललो नाही. सासूबाई मोठ्याने रामरक्षा म्हणत होत्या आणि कुणी त्यांना थांबवलं नाही, कारण सगळ्यांचेच हात जोडलेले होते. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा शिडी काढायला सहा मिनिटं बाकी होती. त्या दिवसाचा एकही फोटो आज आमच्याकडे कुणी उघडून बघत नाही.

अमाल्फी सुंदर आहे, पण तिथे रात्रीचा मुक्काम हवा. बोटीच्या थांब्यात ते बसवू नका. आणि जायचंच असेल तर बोटीच्या सहलीनेच जा. तिला उशीर झाला तर बोट थांबते, त्या जादा पैशांत ही हमी असते.

निळाई | १५ ऑगस्ट, सकाळी ७.२०

सातपुडा, वाचताना पोटात गोळा आला. अमाल्फी यादीतून काढलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, काप्रीवरची त्याची पकड जरा ढिली झाली आहे.

मग पॉम्पेई का? सगळे तेच म्हणतात.

जास्वंद | १५ ऑगस्ट, दुपारी ३.०५

मी गेली सहा वर्षं रोममध्ये आहे आणि नेपल्सला कामानिमित्त महिन्यातून एकदा तरी जाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट: नेपल्सची सगळ्यात मोठी सोय ही की बोट शहराच्या पोटातच लागते. रोमसाठी चिविताव्हेक्कियाला उतरलात की पुढे तासाभराचा रेल्वेप्रवास, फ्लोरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरलात की तेच. नेपल्सला टर्मिनलमधून बाहेर आलात, रस्ता ओलांडला की समोर पाच बुरुजांचा कास्तेल नुओव्हो किल्ला आणि त्याच्यासमोर म्युनिचिपियो मेट्रो स्टेशन. इतक्या जवळ सगळं असताना दिवस गाडीत घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाट्यांवर शहराचं नाव 'नापोली' असेल, गोंधळू नका.

आता पॉम्पेई. म्युनिचिपियोहून मेट्रोने गॅरिबाल्दी स्टेशन, तिथे खाली उतरून चिरकुमवेझुवियाना ही लोकल. पाऊण तासाच्या आत 'पॉम्पेई स्कावी, व्हिला देई मिस्तेरी' स्टेशन येतं आणि प्रवेशद्वार समोरच. ऐकायला सोपं आहे. पण ही लोकल म्हणजे सकाळची विरार फास्ट समजा. बसायला मिळेलच असं नाही, पाकीटमारांचा सुळसुळाट, बऱ्याच डब्यांत एसी नाही. आणि संप! तिकडे संपाला 'शोपेरो' म्हणतात. तो आधी जाहीर होतो, तेव्हा आदल्या दोन दिवसांत ते नक्की तपासा.

पॉम्पेईचा आवाका ६६ हेक्टर आहे, म्हणजे दीडशे एकरांच्या वर, आणि त्यातलं साधारण दोन तृतीयांश उकरलेलं आहे. रस्ते मोठमोठ्या दगडी फरशांचे, मधे रथांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. चाकोरी हा शब्द तिथे अक्षरशः पायाखाली येतो. रस्ता ओलांडायला उंच दगड ठेवलेत, पावसाळ्यात आपण टाकतो तसे. ज्याचा गुडघा नवा आहे त्याने असल्या दगडांवर तीन तास चालणं म्हणजे पुढचे तीन दिवस बोटीवर खोलीत पडून राहणं. पियाझ्झा अन्फितेआत्रोच्या दाराने आत गेलं तर चाकाच्या खुर्चीसाठी केलेला सपाट मार्ग आहे, पण तोही साडेतीन किलोमीटरचा.

माझं मत: एर्कोलानो. रोमन काळातलं हर्क्युलेनियम. त्याच ज्वालामुखीने, व्हेसुव्हियसने, इ. स. ७९ मध्ये गाडलेलं दुसरं गाव. त्याच लोकलने वीसेक मिनिटांवर, पॉम्पेईच्या अर्ध्या वाटेत. उकरलेला भाग जेमतेम साडेचार हेक्टर, दोन-अडीच तासांत निवांत बघून होतो. आणि तिथे जे शिल्लक आहे ते पॉम्पेईत नाही. वारा आग्नेयेकडे वाहत होता म्हणून पॉम्पेईवर आधी तासन्‌तास हलक्या दगडांचा पाऊस पडला, त्या वजनाने छपरं कोसळली. एर्कोलानो पश्चिमेला, तिथे सुरुवातीला फार काही पडलंच नाही. मग रात्री डोंगरावरून तापलेल्या वायूचे आणि राखेचे लोट आले, लाकूड जळून राख होण्याऐवजी कोळसा झालं, आणि वर पंधरा-वीस मीटरचा थर बसून घट्ट झाला. हवाच नाही, म्हणून ते टिकलं. दुसरे मजले, तुळया, पलंग, दरवाजे, कोळसा झालेली पावाची लादी. तुमच्या मुलाला ज्वालामुखी बघायचाय ना, त्याला डोंगरमाथ्यावरचा खड्डा दाखवण्यापेक्षा हे दाखवा.

स्टेशनपासून खाली साइटपर्यंत सरळ उताराचा रस्ता आहे, दहाएक मिनिटांचा. आईंना उतार जड जातो म्हणालात, तेव्हा टॅक्सी करा. काही मार्गांचे दर महापालिकेने ठरवून दिलेले आहेत. बसायच्या आधीच 'तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता' म्हणायचं, मीटर टाकल्यावर नाही.

खडीवाट | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

जास्वंद यांची माहिती उत्तम, पण मला पॉम्पेईची बाजू घ्यायची आहे. एर्कोलानो हे गावातली चांगली राखलेली एक गल्ली आहे. पॉम्पेई हे अख्खं शहर. चौकात उभं राहून मागे व्हेसुव्हियस दिसतो, तेव्हा जे वाटतं ते दुसरीकडे वाटणार नाही. खानावळींचे कट्टे, बेकरीतली जाती, भिंतींवरचा निवडणुकीचा प्रचार. इतिहास शिकवलेल्या माणसाला तिथे न नेणं मला तरी जिवावर येईल.

जाणार असाल तर तिकीट आधी काढा. २०२४च्या नोव्हेंबरपासून दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. काही बोटींवर पासपोर्ट जमा करून घेतात, म्हणून प्रत्येकाची रंगीत झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, त्या दिवशी तर मुळीच नको. तुमचा गुरुवार आहे, ते बरं.

आम्ही जुलैत गेलो होतो. सावली जवळपास नाहीच. वडिलांना दुपारी बाराला चक्कर आली, एका ओट्यावर झोपवून डोक्यावर ओला पंचा ठेवावा लागला. ऑक्टोबरात तो त्रास नाही.

गोदाकाठ | १६ ऑगस्ट, रात्री १२.१५

हा धागा दोनदा वाचला आणि राहवेना म्हणून लिहितोय. निळाई, तुमचे बाबा लातूरला इतिहास शिकवायचे म्हणालात. मग नेपल्समध्ये एक वस्तू अशी आहे जी त्यांनी बघितलीच पाहिजे, आणि ती पॉम्पेईतही नाही आणि एर्कोलानोतही नाही. ती शहरातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

१९३८ साली पॉम्पेईतल्या एका घरात अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात एक हस्तिदंती बाई सापडली. वीतभराहून थोडी उंच, पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. अंगावर वस्त्र जवळपास नाही, पण दागिने विचारू नका. हातभर बांगड्या, पायांत गुडघ्यापर्यंत वाळे, कमरेला मेखला, गळ्यात हार आणि पाठीवर रुळणारी वेणी. दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, शृंगाराचं सामान घेतलेल्या. ही बाई रोमन नाही. ती भारतातून गेलेली आहे. इ. स. ७९च्या आधी कधीतरी जहाजातून गेली आणि त्या राखेखाली साडेअठराशे वर्षं पडून राहिली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' या नावाने ती ओळखली जाते. ती लक्ष्मी नसून यक्षी असावी असं बरेच अभ्यासक मानतात. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या तिवईचा पाय असावी असा अंदाज आहे.

आता खरी गोष्ट. तिच्या जवळची बहीण शोभेल अशी हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला सापडलेली आहे, धाराशिव जिल्ह्यात, लातूरपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या लामतुरे संग्रहालयाची ती शान आहे. आणि अशाच मूर्तीचा तुकडा भोकरदनच्या उत्खननात मिळाला, जालना जिल्ह्यात. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सांची-भारहूतच्या दानलेखांत तिथल्या माणसांचा उल्लेख आहे. तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या नोंदीत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. तिथला माल बैलगाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई असं तो लिहितो. पैठण ते भडोच वीस दिवस, तगर त्याच्याही पलीकडे दहा दिवस. आपल्या मराठवाड्यातल्या गाड्यांच्या चाकोऱ्या आणि जास्वंद यांनी लिहिल्या त्या पॉम्पेईतल्या चाकोऱ्या, दोन्हीकडे एकाच व्यापाराचा माल गेलेला आहे.

बाबांना आणखी एक सांगा. भारताच्या व्यापारापायी दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने लिहून ठेवली आहे. तो प्लिनी या नेपल्सच्या आखातात मिसेनुमला आरमाराचा प्रमुख होता, आणि याच उद्रेकात, किनाऱ्यावर लोकांना सोडवायला गेला असताना, मेला.

अभ्रक | १६ ऑगस्ट, सकाळी ९.३०

गोदाकाठ, सुरेख प्रतिसाद. एक पुस्ती जोडतो, म्हणजे बाबांसमोर बाजू पक्की राहील. मूर्तीच्या पायथ्याशी खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. त्यामुळे ती दख्खनमध्येच घडली असं छातीठोक म्हणता येत नाही. भोकरदन-तेरशी साम्य मोठं आहे हे निर्विवाद, पण वाद अजून मिटलेला नाही.

उलट दिशेचा पुरावा बघायचा तर कोल्हापूरला या. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला काशाचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव (रोमनांचा नेपच्यून), टाउन हॉल संग्रहालयात उभा आहे. मी शाळेत असताना तो कुणाचा कोण हे कुणी सांगितलंच नव्हतं.

जास्वंद | १६ ऑगस्ट, सकाळी ११.५०

या संग्रहालयात मी दोनदा गेले आणि ही मूर्ती न बघताच परतले! गोदाकाठ, आभार.

व्यवहाराचं: संग्रहालय मंगळवारी बंद असतं, गुरुवारी अडचण नाही. नऊला उघडतं. म्युनिचिपियोहून मेट्रोने तिसरं स्टेशन, नावच 'म्युझेओ'. मधलं तोलेदो स्टेशन निळ्या मोझॅकसाठी प्रसिद्ध आहे, मुलाला आवडेल.

मात्र एक सांगायला हवं. ती मूर्ती ज्या दालनात ठेवतात त्याचं नाव 'गाबिनेत्तो सेग्रेतो', गुप्त दालन. पॉम्पेईत सापडलेल्या शृंगारिक चित्रं आणि वस्तूंचं ते दालन आहे, आणि त्या उघड आहेत. लहान मुलांना मोठ्यांबरोबरच सोडतात. तेव्हा कोण आत जाणार ते घरून ठरवून जा. आणि ही मूर्ती कधी कधी परदेशातल्या प्रदर्शनांना जाते, म्हणून आधी संग्रहालयाला मेल टाकून ती जागेवर आहे ना ते विचारा.

निळाई | १६ ऑगस्ट, रात्री ९.१५

गोदाकाठ यांचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "तेरची ती मूर्ती मी पोरांना दाखवली आहे. एसटीने सहल नेली होती, दोन वेळा. तिची जोडीदारीण तिकडे आहे हे मला कुणी सांगितलं नाही गं." आणि मग, "काप्री-बिप्री तुम्ही जा. मला त्या संग्रहालयाच्या दारात सोडा आणि दुपारी न्यायला या."

त्यांना एकटं सोडायचा प्रश्नच नाही. म्हणजे निम्मं उत्तर मिळालं. आता सकाळी एर्कोलानो आणि दुपारी संग्रहालय हे दोन्ही बसेल का? आणि जेवणाचं काय? आई-बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

चुलांगण | १७ ऑगस्ट, सकाळी ८.००

जेवणाचं मी सांगते. नेपल्स पिझ्झाचं माहेर आहे आणि तिथला सगळ्यात जुन्या धाटणीचा पिझ्झा, मारिनारा, यात चीजच नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल. बस्स. भट्टीत दीड-एक मिनिटात भाजून येतो, कडा फुगलेल्या, मधे मऊ. हाताने घडी घालून खायचा. चीज खाणार असाल तर हे लक्षात ठेवा की तिथल्या पारंपरिक चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांच्यासाठी मारिनाराच.

आता सावध राहायच्या गोष्टी. रस्त्यावर तराल्ली नावाची कुरकुरीत कडी मिळतात, मिरी-बदाम घातलेली, दिसायला निरुपद्रवी. त्यात डुकराची चरबी असते. शंखाच्या आकाराची स्फोल्यातेल्ला पेस्ट्री, तिच्या पारंपरिक कृतीतही तीच. तळलेल्या पिझ्झाच्या सारणात बहुधा डुकराचं मांस. फ्रियारिएल्ली म्हणजे कडसर पालेभाजी, आपल्या मेथीची आठवण येईल, पण ती सॉसेजबरोबर देतात, तेव्हा 'सेंझा कार्ने' म्हणायचं. आणि पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी असू द्या. बोटीवरून शिजवलेलं अन्न किंवा फळं बंदरात खाली नेऊ देत नाहीत, पण कोरडं सीलबंद चालतं, तेव्हा घरून आणलेलं पॅकिंग फोडू नका.

सातपुडा | १७ ऑगस्ट, सकाळी १०.२०

दोन्ही बसेल, पण सकाळी आधी लांबचं, दुपारी जवळचं. हा क्रम उलटा करू नका. दुपारी काही बिघडलं तर तुम्ही बोटीपासून चालत अर्ध्या तासावर असायला हवं. आणि घड्याळ बोटीच्या वेळेशी जुळवा. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, बोटीवरची वेळ वेगळी असू शकते.

निळाई | १७ ऑगस्ट, रात्री १०.००

ठरलं. एर्कोलानो, मग संग्रहालय, मग बोट. नवऱ्याने स्वतःहून काप्री सोडलं, त्याला दोन्ही मावश्यांची शप्पथ घालावी लागली नाही. आल्यावर इथेच लिहीन.

निळाई | २ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

आलो. सगळे ठणठणीत. कबूल केल्याप्रमाणे लिहिते, थोडं लांबेल.

पावणेआठला बोटीतून बाहेर. टॅक्सी आधी ठरवून ठेवली होती, जाऊन-येऊन, थांबण्यासकट. साडेआठला एर्कोलानोच्या दारात आमच्याशिवाय वीसेक माणसं. आत शिरल्यावर आधी वरूनच सगळं गाव खाली दिसतं, विहिरीत वाकून बघावं तसं, आणि त्याच्या काठावर आजचं गाव, गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेलं. आई म्हणाली, "म्हणजे खाली एक गाव गाडलंय आणि वर लोक संसार करतायत." जुना समुद्रकिनारा आता आत आहे. तिथल्या कमानींच्या होड्यांच्या कोठारांत १९८०नंतर तीनशेच्या आसपास सांगाडे सापडले. पळून जायला होड्या येतील म्हणून ती माणसं थांबली होती. मुलगा तोवर बडबडत होता, तिथे गप्प झाला. एका लहान सांगाड्याकडे बघत राहिला आणि मग माझा हात धरला, जो त्याने गेल्या वर्षभरात धरलेला नाही.

आईला सगळ्यात काय आवडलं असेल? एक दुकान. नेपच्यून आणि अँफिट्रिटीचं निळं-हिरवं मोझॅक असलेल्या घराला लागूनच ते आहे. पुढे दगडी कट्टा, त्यात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण, आणि मागे भिंतीवर कोळसा झालेली लाकडी मांडणी. त्या मांडणीवर निमुळत्या बुडाचे माल ठेवायचे घडे अजून आडवे रचलेले आहेत. आई त्या दारात दहा मिनिटं उभी. माझ्या आजोबांचं औशाला किराणा दुकान होतं, तिला त्याची आठवण झाली. "तात्यांची मांडणी अशीच होती. तेलाचे डबे खाली, गुळाच्या ढेपा वर." मग मला विचारते, "याची बाई कुठे असेल गं, घरात की किनाऱ्यावर?" मला उत्तर देता आलं नाही.

जमीन तिथेही खडबडीत आहे, हे सांगायला हवं. काठी नेली होती म्हणून निभावलं. दोन तासांनी आई एका ओट्यावर बसली, नवरा तिच्याजवळ थांबला, आम्ही तिघं उरलेलं बघून आलो. खडीवाट, तुमचं पॉम्पेई राहिलं. परतताना रस्त्यावरच्या पाटीकडे बाबा वळून वळून बघत होते. त्याची रुखरुख आहे.

बाराला संग्रहालयाजवळ मारिनारा. आईने घडी न घालता पोळीसारखा तुकडा तोडून खाल्ला आणि दुसरा मागितला.

मग संग्रहालय. मेलला उत्तर आलं होतं की मूर्ती जागेवर आहे. आई आणि मुलगा खाली मोठ्या पुतळ्यांच्या दालनात नवऱ्याबरोबर बसले, मी आणि बाबा वर गेलो. त्या दालनाबद्दल जास्वंदने सांगितलं होतंच. बाबांनी बाकी कशाकडे बघितलं नाही, सरळ पहारेकऱ्याला मोबाइलमधला फोटो दाखवला. त्याने बोट केलं.

इतकी छोटी असेल असं वाटलं नव्हतं. काचेत, पिवळसर, एका बाजूने जरा झिजलेली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वाकून, काचेला नाक लागेल इतकं वाकून, हातातल्या बांगड्या मोजायला लागले. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले, "थांब, तेरच्या मूर्तीच्या मी वहीत लिहून ठेवल्यात." खिशातून खरंच १९८७ची वही निघाली. शाळेची सहल, तारीख, बसभाडं, आणि खाली पेन्सिलने काढलेलं त्या मूर्तीचं चित्र, दागिन्यांना बाण करून नावं लिहिलेलं. बाबा ती वही लातूरहून घेऊन आले होते आणि बोटीवर चार दिवसांत आम्हाला एका शब्दाने बोलले नव्हते. त्यांनी शेजारच्या कोऱ्या पानावर उभ्याउभ्या या मूर्तीचं चित्र काढलं. हात थरथरतो आता, रेघा वाकड्या आल्यात. पस्तीस मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

मग बाहेर येऊन मुलाला दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून दाखवली आणि भडोचपर्यंतच्या बैलगाड्यांपासून सगळं सांगितलं. आजूबाजूची दोन-तीन माणसं, भाषा न कळता, थांबून ऐकत होती. अभ्रक, खरोष्ठी अक्षराचं त्यांनी आवर्जून सांगितलं, "अजून ठरलेलं नाही" असंही.

मेट्रोने तीन स्टेशनं, तीन वाजून वीस मिनिटांनी बोटीवर. बोट सुटताना आई-बाबा डेकवर होते, व्हेसुव्हियस समोर. डोंगर सांगून ओळखावा लागला, इतका साधा दिसतो.

आता एक मदत हवी आहे. बाबांना दिवाळीच्या सुट्टीत नातवाला घेऊन तेरला जायचंय, वही सोबत घेऊन. लातूरहून गाडीने जाऊन त्याच दिवशी परत. गोदाकाठ किंवा त्या भागातलं कुणी असेल तर सांगा, लामतुरे संग्रहालय आठवड्यातून कोणत्या वारी बंद असतं आणि मूर्तीसमोर बसून चित्र काढू देतात का?